कायदेसुधारणांची पुस्तिका आणि विधेयकाचा मसुदा

देवगड तालुक्यातील एका भगिनींनी पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या गावात एका राजकीय पक्षाने कायदेविषयक सुधारणांची पुस्तिका घरोघरी वाटली आहे. सत्ता मिळाल्यास कुळांच्या जमिनी बंधनमुक्त करणारा कायदा, सामाईक सातबाऱ्यांचे सक्तीचे वाटप, पारंपरिक मच्छीमारांसाठी नवा सागरी कायदा, सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारपट्टीवरील बांधकामाच्या बंधनांत, सूट, ग्रामसभेच्या संमतीशिवाय कोणताही प्रकल्प नाही आणि कोकणासाठी स्वतंत्र वैधानिक विकास मंडळ, अशी सहा आश्वासने तीत आहेत. पक्षाने नागरिकांकडून लेखी सूचनाही मागवल्या आहेत. ही पुस्तिका सामान्य नागरिकाने कशी वाचावी आणि सूचना पाठवण्याचा काही उपयोग होतो का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

सूचना अवश्य पाठवाव्यात. मात्र त्याआधी पक्षाकडे प्रत्येक आश्वासनाचा मसुदा मागावा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील महसुली न्यायालयांत कुळांची, वाटपाची आणि वहिवाटीची प्रकरणे चालवण्यात माझी वकिली गेली आहे, आणि किनाऱ्यावरील मच्छीमार संस्थांची कामेही मी पाहिली आहेत. या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, जो पक्ष "कायदा करू" असे म्हणतो, त्याने कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमात कोणता शब्द बदलणार, तो बदलण्याचा अधिकार राज्याला आहे की केंद्राला, अंमलबजावणी कोणता अधिकारी करणार आणि त्यासाठी पैसा कोठून येणार, हे सांगितलेच पाहिजे. एवढे सांगता येत नसेल, तर त्या विषयावर पक्षाचा पुरेसा विचार झालेला नाही असे समजावे.

ही अपेक्षा अवाजवी नाही, कारण कोकणाने ती पूर्ण झालेली पाहिली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. खोती पद्धत, म्हणजे सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये खोत हा मध्यस्थ ठेवून महसूल वसूल करण्याची रीत, रद्द करणे हा त्या पक्षाच्या कार्यक्रमाचा भाग होता. निवडणुकीनंतर पक्ष विरोधी बाकांवर बसला, तरी १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक स्वतः मांडले. त्यात केवळ खोतांविरुद्धचा रोष नव्हता. खोताचे मध्यस्थपण नाहीसे झाल्यावर जमीन कसणाऱ्याचे सरकारशी नाते काय राहील, थेट सरकारला महसूल भरण्याच्या रयतवारी पद्धतीखाली त्याला कोणता हक्क मिळेल आणि खोताला वाजवी नुकसानभरपाई कशी मिळेल, याची तरतूद त्यात होती. अलिबाग तालुक्यात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून चरीच्या शेतकऱ्यांचा संप चालू होताच, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. ते विधेयक संमत झाले नाही. पण पुढे १९४८ चा कुळकायदा आणि १९५० साली अमलात आलेला खोती निर्मूलन कायदा यांनी जे केले, त्याचा आराखडा एका विरोधी पक्षाने कलमवार लिहून सभागृहापुढे ठेवला होता, ही गोष्ट आजच्या प्रत्येक पक्षाला आठवण करून देण्यासारखी आहे. त्या काळात जे शक्य होते, ते विधी सल्लागार आणि संगणक हाताशी असलेल्या आजच्या पक्षांना अशक्य असण्याचे कारण नाही.

मसुद्यात काय पाहायचे, हेही समजून घ्यावे. विधेयकाला "उद्देश व कारणे यांचे निवेदन" जोडलेले असते, राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च होणार असेल तर वित्तीय ज्ञापन असते, आणि नियम करण्याचा अधिकार शासनाकडे सोपवला असेल तर त्याविषयीचेही ज्ञापन असते. हे शेवटचे कागद आपल्याकडे फारसे कोणी वाचत नाही, आणि नेमके तेच सर्वांत आधी वाचले पाहिजेत. कलमात "विहित करण्यात येईल अशा रीतीने" असे शब्द आले, की त्या कलमाचा खरा आशय अजून लिहायचा राहिला आहे आणि तो पुढे मंत्रालयातील एखादा विभाग लिहिणार आहे, असा अर्थ घ्यावा. तसेच पहिल्याच कलमात कायदा "शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नेमून देईल अशा दिनांकास" अमलात येईल असे म्हटले असेल, तर ती अधिसूचना किती दिवसांत काढणार हे पक्षाला विचारावे.

आता कुळांच्या जमिनी. हे आश्वासन वाचून गावोगावी आशा निर्माण होणे साहजिक आहे, पण त्यातील मोठा भाग आधीच कायदा झालेला आहे. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणे कूळ जमिनीचे मालक ठरले. कलम ३२-ग खाली शेतजमीन न्यायाधिकरणाने जमिनीची किंमत ठरवायची, ती भरल्यावर ३२-म चे प्रमाणपत्र मिळायचे, आणि त्यानंतरही कलम ४३ मुळे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय जमीन विकता किंवा गहाण ठेवता येत नसे. २०१४ च्या दुरुस्तीने ही अट सैल झाली. प्रमाणपत्राला १० वर्षे होऊन गेली असतील, तर जमीन महसुलाच्या आकारणीच्या ४० पट रक्कम भरून पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरण करता येते. घेणारा शेतकरी असावा लागतो, आणि कमाल जमीनधारणा व तुकडेबंदी हे कायदे लागू राहतात. कोकणात आकारणी इतकी अल्प आहे की ४० पट रक्कमही बहुतेकांना जड जात नाही. मग बंधनमुक्तीचा आणखी एक कायदा कोणासाठी हवा आहे?

खरी अडचण ज्यांच्यापाशी प्रमाणपत्रच नाही, त्यांची आहे. कूळ म्हणून आजोबांचे नाव सातबाऱ्याच्या इतर हक्कात आहे, वहिवाट घरातल्यांचीच आहे, पण ३२-ग ची चौकशी कधी झालीच नाही, किंवा झाली आणि किंमत ठरली तरी चलन भरल्याची पावती हरवली, अशी कुटुंबे मला आजही भेटतात. काही ठिकाणी मूळ मालकाचे वारस मुंबईत चार पिढ्यांत विखुरले आहेत आणि नोटीस कोणावर बजावायची हाच प्रश्न आहे. दुसरीकडे कूळ असल्याचेच मालक नाकारतो, तेव्हा कलम ७०-ब खाली तहसीलदारांपुढे निर्णय, मग अपील, मग महसूल न्यायाधिकरणाकडे पुनरीक्षण, असा प्रवास होतो आणि त्यात एक पिढी संपते. या कुटुंबांना नव्या कायद्याने नव्हे, तर तालुक्याला पुरेशी माणसे, ३२-ग च्या प्रलंबित प्रकरणांची गाववार जाहीर यादी आणि निर्णयासाठी ठरावीक मुदत मिळाल्याने न्याय मिळेल. मुदतीचे कलम कायद्यात घालायचे असेल तर ते दोन ओळींचे काम आहे, आणि त्याला माझा मनापासून पाठिंबा राहील. मात्र "बंधनमुक्ती" या शब्दाखाली कलम ६३, म्हणजे शेतकरी नसलेल्यास शेतजमीन विकण्यावरील बंदी, काढून टाकण्याचा विचार असेल, तर तो उघड सांगितला पाहिजे. सागरी महामार्गालगतच्या जमिनींचे भाव पाहता त्या एका कलमाचा परिणाम बाकी पाचही आश्वासनांहून मोठा होईल.

सामाईक सातबाऱ्याच्या प्रश्नाविषयी मला अधिक काळजी वाटते, कारण येथे पक्षाचा हेतू चांगला असूनही घाईत अन्याय होऊ शकतो. एका सातबाऱ्यावर चाळीस-पन्नास नावे, त्यांतली निम्मी मयत, वारसनोंदी नाहीत, आंब्याची कलमे एकाने लावलेली आणि नावे सर्वांची, ही स्थिती कोकणातील प्रत्येक वाडीत आहे. बँक कर्ज देताना सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या मागते आणि सह्या मिळत नाहीत. त्यामुळे वाटप व्हावे ही मागणी रास्त आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाची सोय आजही आहे, पण हिश्शाविषयी वाद निघाला की दिवाणी न्यायालयाचा निकाल येईपर्यंत ते काम थांबते. "सक्तीचे वाटप" म्हणजे तहसीलदाराने मालकी हक्काचा वादही सोडवायचा, असा पक्षाचा अर्थ असेल, तर तो न्यायालयाचा अधिकार महसूल अधिकाऱ्याला देणे होय, आणि त्यास माझा विरोध आहे.

शिवाय तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्यात कलम ८-अअ आहे. त्यानुसार वाटप करताना प्रमाणभूत क्षेत्राहून, म्हणजे ठरवून दिलेल्या किमान क्षेत्राहून, लहान तुकडा पडता कामा नये. २०२३ मध्ये हे क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे असे कमी करण्यात आले. तरीही कोकणातील डोंगरउताराच्या दळ्यांत, जिथे एका भावाच्या वाट्याला पाच गुंठ्यांचा कोपरा आणि दोन कलमे येतात, तिथे सक्तीचे वाटप आणि हे कलम एकमेकांच्या आड येणारच. तुकडेबंदीत अलीकडे सवलती देण्यात आल्या आहेत. तेव्हा या कलमाचे पुढे काय करायचे, हे पुस्तिकेने स्पष्ट लिहायला हवे होते. त्यावर तीत एक शब्दही नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट मुलींच्या हिश्शाची. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे सहदायाद, म्हणजे जन्मापासून हिस्सेदार, केले. केंद्राने देशभर तेच २००५ साली केले. राज्याने पुढे जाऊन चांगला कायदा केल्याचे हे उदाहरण आहे. पण वारसनोंदीच्या वेळी लग्न होऊन गेलेल्या बहिणीचे नाव वगळणे किंवा तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेणे आजही सर्रास चालते. ठरावीक मुदतीत सक्तीने वाटप झाले, तर जी नावे आधीच गळली आहेत ती कायमची गळतील. म्हणून मसुद्यात वारस चौकशी आधी, तीत मुलींची नावे तपासण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर, आणि वाटप त्यानंतर, असा क्रम लिहिलेला असावा. प्रश्नकर्त्या भगिनींनी आणि त्यांच्या गावातील बचतगटांनी एकच सूचना पाठवायची झाल्यास हीच पाठवावी, असा माझा आग्रह आहे.

समुद्राच्या बाबतीत अधिकाराची सीमा आधी पाहावी लागते. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय हा राज्य सूचीतला विषय आहे, पण प्रादेशिक जलधीपलीकडील मासेमारी संघ सूचीत, नोंद ५७ मध्ये आहे. म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा कायदा चालतो आणि त्यापुढे केंद्राचा. परराज्यांतील मोठ्या ट्रॉलर्सना खोल समुद्रात रोखणारा राज्य कायदा करू, असे कोणी म्हणत असेल तर ते होण्यासारखे नाही. बारा मैलांच्या आत मात्र १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला, म्हणजे माशांचा थवा वेढून पकडणाऱ्या मोठ्या जाळ्यांना, १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच काळ आणि ठरावीक क्षेत्र दिलेले आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने दंड लाखांत नेऊन प्रकरणांचा निर्णय तहसीलदारांऐवजी मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे सोपवला आहे. एलईडी दिव्यांच्या प्रकाशात मासेमारी करण्यास केंद्राने २०१७ मध्ये आपल्या क्षेत्रातही मनाई केली. इतके असूनही मालवणच्या रापणकर आणि गिलनेटधारक अशा पारंपरिक मच्छीमारांना रात्री समुद्रात दिवे दिसतात.

याचे कारण कायद्याची उणीव हे नाही. गस्ती नौका कमी, त्यांवर माणसे कमी, नौका पकडली तरी पुरावा नीट नोंदवला जात नाही, आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत हंगाम संपतो. त्यामुळे "नवा सागरी कायदा" यापेक्षा, प्रत्येक तालुक्यासाठी किती गस्ती नौका, त्यांचा वार्षिक खर्च किती आणि परवाना कायमचा रद्द करण्याचे अधिकार कोणाला, हे पक्षाला विचारावे. एक दुरुस्ती मात्र खरोखर आवश्यक आहे. पर्ससीनचे निर्बंध कायद्याच्या कलमात नसून शासनाच्या आदेशात आहेत, आणि आदेश सभागृहात चर्चा न होताही बदलता येतो. पारंपरिक मच्छीमारांचे संरक्षण टिकाऊ करायचे असेल, तर त्या निर्बंधांचा गाभा प्रत्यक्ष कायद्यात नेला पाहिजे. पुस्तिकेत हे नाही, आणि ते सुचवण्याचा अधिकार सर्वांत आधी तुमच्या बंदरावरील सोसायटीचा आहे.

उरलेली तीन आश्वासने लवकर तपासून होतात. सीआरझेड ही केंद्राच्या १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील अधिसूचना आहे. १९९१, २०११ आणि २०१९ या तिन्ही वेळी ती दिल्लीहून निघाली, त्यामुळे राज्यातील पक्ष फार तर किनारा व्यवस्थापन आराखडे अचूक करून घेण्याचे वचन देऊ शकतो. तेही लहान काम नाही, कारण अनेक कोळीवाड्यांच्या सीमा नकाशावर उमटलेल्या नाहीत. ग्रामसभेच्या संमतीचे आश्वासन आकर्षक आहे, पण रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड हे जिल्हे आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रात येत नाहीत, म्हणून तेथे ग्रामसभेला विशेष अधिकार देणारा पेसा कायदा लागू नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील ७० आणि ८० टक्के संमतीची अट खासगी सहभागाच्या प्रकल्पांसाठी आहे, आणि औद्योगिक विकासाच्या १९६१ च्या राज्य कायद्याने जमीन घेताना ती अट नाही, केवळ नोटीस आणि सुनावणी आहे. संमतीविषयी पक्ष गंभीर असेल, तर त्याने १९६१ च्या कायद्याच्या कलम ३२ मध्ये दुरुस्ती सुचवावी. ती पूर्णपणे राज्याच्या हातातील गोष्ट आहे. वैधानिक विकास मंडळाचे म्हणाल, तर अनुच्छेद ३७१(२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशीच विभागणी आहे. कोकण "उर्वरित" मध्ये मोडते, आणि त्याच दर्जाचे वेगळे मंडळ द्यायचे झाल्यास घटनादुरुस्ती लागेल. १९९४ साली स्थापन झालेल्या तिन्ही मंडळांची मुदतही एप्रिल २०२० मध्ये संपली.

एक बाब अनेकदा विसरली जाते. विधानमंडळाने विधेयक संमत केले म्हणजे कायदा झालाच असे नाही. समवर्ती सूचीतील विषयावर केंद्रीय कायद्याशी विसंगत तरतूद असेल, तर राष्ट्रपतींची संमती लागते. महिलांवरील अत्याचारांबाबतचे शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केले, पण ती संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही. उलट सामाजिक बहिष्काराविरुद्धचे विधेयक एप्रिल २०१६ मध्ये संमत झाले आणि ३ जुलै २०१७ पासून अमलात आले. गावकीने वाळीत टाकलेल्या रायगड-रत्नागिरीतील कुटुंबांच्या तक्रारींनी त्या कायद्याची गरज राज्यासमोर आणली होती. त्या कायद्याखाली ३ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद असूनही, आपल्या तालुक्यातील किती पोलीस पाटलांना तो माहीत आहे, हे एकदा विचारून पाहावे.

पक्षाला सत्ता मिळाली नाही तर काय, असेही तुम्ही पत्रात विचारले आहे. विरोधी सदस्य अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचे विधेयक, मांडू शकतो. अशी विधेयके संमत होणे फार दुर्मीळ आहे, आणि संसदेत तर १९७० नंतर एकही झालेले नाही. तरी ती निष्फळ नसतात. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी, मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येत नाही असे ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर, १९६७ मध्ये घटनादुरुस्तीचे अशासकीय विधेयक लोकसभेत मांडले. ते संयुक्त समितीकडे गेले, त्यावर देशभर चर्चा झाली, पण संमत होण्याआधीच लोकसभा विसर्जित झाली आणि जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै निवर्तले. त्याच वर्षी २४ व्या घटनादुरुस्तीने संसदेचा तो अधिकार पुन्हा स्पष्ट केला. म्हणून पक्षाला असे विचारणे योग्य ठरेल की, सध्या निवडून आलेल्या तुमच्या सदस्यांनी या सहापैकी कोणत्या विषयावर अशासकीय विधेयक दिले आहे, आणि दिले नसेल तर येत्या अधिवेशनात देणार आहात का? सत्तेत असलेल्या पक्षाला याहून सोपा प्रश्न विचारता येतो : ही दुरुस्ती आजवर मंत्रिमंडळापुढे का आली नाही?

जाहीरनाम्यातील आश्वासन न्यायालयातून अमलात आणून घेता येत नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर निवडणूक आयोगाने आदर्श आचारसंहितेत जाहीरनाम्यांविषयी स्वतंत्र भाग घातला, आणि त्यानुसार आश्वासनामागील तर्क व त्यासाठी लागणारा पैसा उभा करण्याचा मार्ग पक्षाने ढोबळमानाने सांगणे अपेक्षित आहे. सूचना पाठवताना याचा उल्लेख जरूर करावा.

पत्र कसे लिहावे, याविषयी दोन शब्द. एका पत्रात एकच विषय घ्यावा. गावातील प्रत्यक्ष स्थिती लिहावी, फेरफार क्रमांक किंवा नोटिशीची प्रत जोडावी, आणि कोणते कलम कसे असावे हे जमेल तसे साध्या मराठीत सुचवावे, कायद्याची भाषा येत नसल्याने काही बिघडत नाही. पत्राची प्रत आपल्या आमदारांना द्यावी आणि पोच घ्यावी. विधेयक पुढे संयुक्त समितीकडे गेले आणि समितीने सूचना मागवल्या, तर तेच पत्र समितीलाही पाठवता येते. विशेष जनसुरक्षा विधेयकावर समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना आल्या आणि त्यानंतर मसुद्यातील काही शब्द बदलले गेले. ते बदल पुरेसे होते की नाही यावर मतभेद आहेत, पण सूचना वाचल्या जातात एवढे त्यावरून दिसते. तुमच्या गावातून पहिले पत्र वारसनोंदींतील मुलींच्या नावांविषयी आणि दुसरे ३२-ग च्या प्रलंबित प्रकरणांच्या मुदतीविषयी गेले, तर सातबाऱ्याचे उतारे तपासून देण्याचे काम मी आनंदाने करीन.